नेदरलँड्समध्ये डच सासर: रीतीभाती, भाषा, कागदपत्रं (अनुभव लिहा)

निशिगंध (धागाकर्ती)

नेदरलँड्समधल्या नोकऱ्या, ३०% रूलिंग (परदेशी नोकरदारांची करसवलत), घरभाडं यांवर इथे भरपूर धागे आहेत. पण लग्न करून किंवा जोडीदार म्हणून थेट डच कुटुंबात आलेल्या आपल्या लोकांसाठी एकही सापडला नाही. कंपनीत आजूबाजूला चार भारतीय असतात, सासरच्या बैठकीत आपण एकटेच असतो. त्यामुळे आपले प्रश्नही वेगळे. ज्यांचा इथे जम बसलाय त्यांनी सविस्तर लिहा, जे निघायच्या तयारीत आहेत त्यांनी मोकळेपणानं विचारा.

माझं सासर ट्वेंटे भागात, एनस्खेडेजवळच्या एका खेड्यात. जर्मनीची हद्द सायकलनं गाठता येते इतकी जवळ. अॅमस्टरडॅमवरून नेदरलँड्सची जी कल्पना आपण करतो, तिचा इथे फारसा उपयोग होत नाही.

वाढदिवसाच्या गोलाबद्दल बहुतेकांनी ऐकलं असेल. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. आत शिरलं की ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर त्याच्या आईचं, बायकोचं, बहिणीचं, शेजाऱ्यांचंही अभिनंदन करायचं. एकेकाशी हात मिळवत पूर्ण फेरी मारायची आणि मग बसायचं. कॉफी येते, केकचा एक तुकडा येतो. आपल्याकडच्या गजबजाटाची सवय असलेल्याला हे कोरडं वाटतं, मलाही वाटलं. पण त्या गोलात कोणी कोपऱ्यात पडत नाही, प्रत्येकाशी दोन शब्द होतातच, हे हळूहळू लक्षात येतं. घराच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर वार नसतात, फक्त तारखा, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं. सासूबाईंनी त्यात माझं नाव शाईनं लिहिलं, तेव्हा मला घरात धरलंय हे मला कोणी वेगळं सांगावं लागलं नाही.

'नको' जपून म्हणा. आपण पहिल्यांदा नको म्हणतो, समोरचा आग्रह करतो, मग आपण घेतो. इथे एकदा नको म्हटलं की ताटली पुढे सरकते आणि परत येत नाही. त्यांच्या लेखी तो तुमच्या शब्दाचा मान असतो. भूक असेल तर सरळ हो म्हणा. संध्याकाळी साडेपाचला कोणी कोट उचलून निघालं तर त्यालाही अपमान समजू नका. सहा ही जेवणाची वेळ, आणि जेवायला बोलावलं नसेल तर त्या आधी उठायचं असतं.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. माझे सासरे गेले. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सगळं होऊन जातं. इथे कायद्यानुसार ३६ तास उलटायच्या आत अंत्यविधी करता येत नाही, आणि सहाव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत तो करावा लागतो. मधले सगळे दिवस सासरे घरीच होते. पुढच्या खोलीत, अंगाखाली गारवा देणारी प्लेट, अंगात त्यांचा नेहमीचा निळा स्वेटर. सासूबाई सकाळी कॉफीचा कप घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसायच्या. नातवंडांनी शवपेटीच्या झाकणावर रंगीत खडूंनी ट्रॅक्टर, गायी आणि आजोबांची सायकल काढली. मला सुरुवातीला त्या खोलीत पाऊल टाकवेना. मग मीही बसायला लागले, आणि निरोप द्यायला इतका वेळ मिळतो याचं मोल मला तिथे कळलं.

या भागात शेजारधर्म हा नुसता चांगुलपणा नाही, ती रीतीनं ठरलेली जबाबदारी आहे. त्याला नोबरस्खाप म्हणतात. सर्वात जवळचा शेजारी कोण हे घरागणिक ठरलेलं असतं. सासरे गेल्याचं बाकीच्या घरांना त्यांनीच जाऊन सांगितलं, पेटीला खांदा त्यांनीच दिला, कॉफी-केकचं सगळं त्यांनीच पाहिलं. पेटी निघाल्यावर मी त्या जागेवर कणकेचा दिवा लावला. सासूबाईंनी विचारलं, किती दिवस ठेवायचा? मी म्हटलं, तेरा. पुढे तेल त्याच घालत राहिल्या.

शेजाऱ्यांच्या लग्नाला २५ वर्षं झाली की दाराला हिरवी कमान बांधतात. साडेबारा वर्षंही इथे साजरी होतात. कमानीला लावायची कागदी फुलं सगळी गल्ली कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बसून करते. माझी डच भाषा तिथेच सुटली. वर्गात व्याकरण शिकले, पण क्रेप कागदाला पीळ देता देता कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, हे ऐकत ऐकत बोलायला शिकले.

आणि माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं हेच आहे. इथे जोडीदाराच्या आडोशानं राहू नका. डॉक्टरांना फोन तो करणार, खेमेंटेचं (नगरपालिकेचं) पत्र ती वाचणार, शेजारी काय म्हणाले ते तो भाषांतर करून सांगणार, हे प्रेमापोटीच सुरू होतं. पण मग लोक तुमच्याबद्दलही त्यालाच विचारायला लागतात. तुमच्या नावानं तुमची ओळख हवी असेल तर फोन तुम्ही उचलायचा.

लिमलेट

धागा अगदी वेळेवर आला! मी पुण्याची, नवरा झ्वोलेचा. रजिस्टर लग्न झालंय, आता आयएनडीचा (डच इमिग्रेशन खात्याचा) अर्ज आणि त्याआधी ती डचची परीक्षा.

माझे प्रश्न: परीक्षा कितपत अवघड आहे? जन्मदाखला, नाव वगैरेचा काय घोळ असतो? पुढे आई-बाबांना तिकडे कायमचं नेता येईल का? मी एकुलती एक आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न सारखा मनात येतो.

सासऱ्यांचं वाचून डोळे भरून आले, निशिगंध.

सायकलस्वार

मी उलट्या बाजूचा, म्हणजे डच बायकोचा मराठी नवरा. मूळ साताऱ्याचा, आता दक्षिणेकडच्या ब्राबांटमध्ये.

ब्राबांटची माणसं वरच्या भागापेक्षा ऐसपैस, कॅथलिक वळणाची. इथे कार्निव्हल म्हणजे घरचं कार्य. डेन बॉश शहराचं त्या दिवसांत नावच बदलतं, ऊटेलडोंक होतं. लोक शेतकऱ्याचा निळा सदरा घालतात, गळ्यात लाल-पांढरा-पिवळा मफलर. माझ्या सासऱ्यांनी स्वतःचा जुना सदरा मला दिला. त्यावर त्यांनी वर्षावर्षाला शिवलेली चिन्हं आहेत. मी तो जपून ठेवतो.

पुरुषांनी इथे येण्याआधी एका गोष्टीची मनाशी तयारी करावी. आम्ही दोघंही आठवड्याला चार दिवस काम करतो. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, तो माझा मुलांचा दिवस. याला इथे पपादाख म्हणतात आणि साहेबाला त्याचं काही वाटत नाही. मूल झाल्यावर जोडीदाराला एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते, आणि २०२० पासून पहिल्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवडे ७०% पगारावर घेता येतात. मी सगळे घेतले. वडील साताऱ्याहून फोनवर विचारायचे, "अरे, नोकरी गेली का?" त्यांना समजावणं मला डच शिकण्याहून जड गेलं. पण ते इथे आले, बुधवारी मी मुलीचे केस विंचरून तिला पोहायच्या वर्गाला सायकलवर नेताना त्यांनी पाहिलं, आणि परत जाताना एवढंच म्हणाले की आमच्या वेळी हे असतं तर मला आवडलं असतं.

पोहण्याचं सांगतो. इथे गल्लोगल्ली कालवे आहेत, त्यामुळे मुलांनी ए डिप्लोमा (पोहण्याची पहिली परीक्षा) मिळवणं हे अक्षरओळखीइतकंच महत्त्वाचं मानतात. परीक्षेत अंगावर कपडे आणि पायात बूट ठेवून पोहायचं असतं. आपण मोठ्यांनीही पोहणं शिकून घ्यावं.

पैशांबद्दल: जेवण झाल्यावर मित्राकडून आपल्या वाट्याच्या चार युरोंची टिकी (फोनवर पैसे मागणारी लिंक) येते, तेव्हा आपलं मन खट्टू होतं. पण त्यात कंजूषपणा नाही. कोणाचं कोणाकडे राहू नये, म्हणजे पुढच्या वेळी भेटताना मन मोकळं राहतं, असा त्यांचा विचार असतो. हेच मित्र आमचं घर बदललं तेव्हा दोन दिवस भिंती रंगवायला आले होते. त्याचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

उत्तरसमुद्र

लिमलेट, मी खेमेंटेत नवागतांच्या मदतीचं काम करते, म्हणून कागदपत्रांचं सविस्तर लिहिते.

परदेशातली परीक्षा २००६ पासून आहे. वाचन, बोलणं आणि डच समाजाची ओळख असे तीन भाग, दूतावासात संगणकावर. पातळी ए१, म्हणजे अगदी पायाभूत. रोज तास-दीड तास दिला तर काही महिन्यांत होते. समाजाच्या ओळखीचे प्रश्न आधीच अभ्यासाला मिळतात. बोलण्याचा भाग मात्र मोठ्यानं बोलूनच पक्का होतो, मनात वाचून नाही. तुम्ही दोघंही किमान २१ वर्षांचे हवेत आणि त्याचं उत्पन्न पुरेसं आणि टिकाऊ हवं. ज्या मैत्रिणी नवऱ्याच्या कंपनीमुळे कुशल कामगाराच्या कुटुंबीय म्हणून येतात त्यांना ही परीक्षा नसते. त्यांचं ऐकून गाफील राहू नकोस.

जन्मदाखला. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं आणि तारीख. आजच तुझा काढून बघ. नाव नसेल तर महापालिकेतून ते नोंदवून नवा दाखला घे, त्यानंतरच साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (परदेशात चालणारा शिक्का). दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर लागेल, इंग्रजी चालतं.

लग्नानंतर नाव बदलू नकोस, असं मी प्रत्येकीला सांगते. डच नोंदींत बाई जन्माच्या आडनावानंच राहते. पत्रव्यवहारात नवऱ्याचं आडनाव लावायचं असेल तर ते फॉर्मवर एक खूण करून होतं. पासपोर्टवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, पदवीवर तिसरं असं झालं की इथे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत सगळीकडे अडतं. वडिलांचं मधलं नावही इथे तुझ्याच नावाचा भाग म्हणून नोंदलं जाईल. त्याला इलाज नाही, सवय होते.

इथे आल्यावर १ जानेवारी २०२२ चा इनबर्गरिंग (नवागतांनी डच भाषा-समाज शिकण्याचा) कायदा लागू होतो. खेमेंटे तुझ्याशी सविस्तर बोलते, शिकण्याची क्षमता तपासणारी चाचणी घेते आणि तुझा मार्ग ठरवते. बहुतेकांना बी१ चा, म्हणजे मधल्या पातळीच्या डचचा मार्ग मिळतो, मुदत तीन वर्षं. वर्गाचा खर्च कुटुंबीय म्हणून आलेल्यांना स्वतः करावा लागतो. ड्युओ या सरकारी संस्थेकडून कर्ज मिळतं, ते फेडायचं असतं. घाईनं स्वस्तातला वर्ग लावू नकोस, आधी एक तास बसून बघ. वाचनालयांमधले भाषा-कॅफे फुकट असतात आणि तिथे निवृत्त मंडळी फार प्रेमानं बोलतात.

लग्नाच्या मालमत्तेबद्दल लोक बोलायला लाजतात, पण बोला. १ जानेवारी २०१८ पासून झालेल्या लग्नांत इथे लग्नाआधीची मालमत्ता, भेटी आणि वारसा ज्याचा त्याचाच राहतो. आईवडिलांनी घातलेलं सोनं तुझंच. तरी भारतात झालेलं लग्न, दोन देशांतली मालमत्ता असा मामला असेल तर नोटरिसकडे एकदा दोघांनी मिळून जा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला कोणालाच आवडत नाही. तुझा राहण्याचा परवाना नवऱ्याशी असलेल्या नात्यावर उभा असतो. पाच वर्षांनी, इनबर्गरिंग झालेलं असेल तर, स्वतःच्या नावावरचा परवाना मागता येतो. त्याआधी नातं मोडलं तर परवाना जाऊ शकतो. पण घरात मारहाण, धमकी असेल तर तेवढ्यासाठी कोणीही सोसत बसू नये, अशा प्रकरणांत कायदा वेगळा विचार करतो. 'फेलिख तॉइस' (Veilig Thuis) हा मदतीचा क्रमांक ०८००-२००० चोवीस तास फुकट चालतो. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय.

आई-बाबांचं: कायमचं नेण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. हा विषय इथे येण्याआधीच नवऱ्याशी बोलून ठेव. त्यांना गरज लागली तर वर्षातून किती काळ तू पुण्यात असशील, सुट्टी कशी काढायची, खर्च कसा करायचा. डच माणसाला हे आधी सांगितलं तर तो डायरी काढून बसतो आणि मनापासून आखणी करतो. ऐनवेळी सांगितलं तर गोंधळतो.

नाशिकची आजी

माझी लेक उट्रेख्टला आहे, जावई डच. आईच्या बाजूनं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

लेकीचं बाळंतपण करायला गेले तेव्हा डिंक, अळीव, बाळंतशेपा सगळं बांधून नेलं होतं. पोहोचले तर कळलं की रोज एक बाई घरी येणार. क्रामझोर्ख म्हणतात. बाळ झाल्यावर साधारण आठ दिवस, विम्यातूनच. मला वाईट वाटलं. माझी लेक आणि परकी बाई कशाला?

ती आली. पायात घरातल्या वेगळ्या चपला घातल्या, हात धुतले, आणि आधी लेकीजवळ बसून रात्र कशी गेली विचारलं. बाळाचा ताप, दूध, शी-शू सगळं वहीत लिहिलं. टाके तपासले. मग झाडून काढलं, संडास धुतला, मोठ्या नातवाला खाऊ घातलं. बाळाला उताणंच झोपवायचं, उशी नको, पाळण्यात दुपटी कोंबायची नाहीत, हे तिनं मला बजावून सांगितलं. मी तेल लावते म्हटलं तर तिनं बघू द्या म्हणाली, आणि बाळ कसं सैल पडतं ते पाहून गप्प बसून राहिली. धुरी मात्र नको म्हणाली. मी ऐकलं.

पाहुणे आले की ती कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेले दाणे पसरून द्यायची. मुलगा म्हणून निळे-पांढरे. एक दाणा चावला तर आत बडीशेपेसारखी चव. जावयाला विचारलं तर म्हणाला, पूर्वीपासून समजूत आहे की त्यानं आईला दूध येतं. मी उठून माझ्या डब्यातला बाळंतशेपा आणून तिच्या हातावर ठेवला. तिला शब्द कळले नाहीत, पण वास घेतल्याबरोबर ती हसली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या चहाबरोबर तिनंच तो आठवणीनं दिला.

लेकीच्या आईवडिलांनो, तिकडे मुलगी एकटी पडेल या धास्तीनं रात्र रात्र जागू नका. माणसं आहेत तिथे. फक्त ९० दिवस संपतात तेव्हा विमानतळावर पाय निघत नाही.

आम्स्टेलवेनकर

चांगली चर्चा. थोडं वेगळं मत मांडतो.

भाषेचा इतका ताण घ्यायची गरज आहे का? मी आम्स्टेलवेनमध्ये आहे. शेजारी भारतीय, दुकानात गिलकी-दोडकी, मुलांना इंटरनॅशनल शाळा, मंडळाचा गणपती, दिवाळी पहाट. डच लोक उत्तम इंग्रजी बोलतात, आपण डच सुरू केली तरी तेच इंग्रजीवर येतात. परीक्षेपुरती शिका, बाकी वेळ आपल्या कामात घाला.

निशिगंध

आम्स्टेलवेनकर, तुमच्या परिस्थितीत ते चालतं, मान्य. गणपतीला मीही तिकडे येते आणि मोदकांवर तुटून पडते. पण डच जोडीदार असेल तर हे पुरत नाही. इंग्रजी ते आपल्याशी बोलतात, एकमेकांशी नाही. जेवणाच्या टेबलावर दहा माणसं दहा मिनिटं सौजन्यानं इंग्रजी बोलतात, मग कोणीतरी लहानपणीची आठवण काढतं आणि सगळे डचवर जातात. त्यात गैर काहीच नाही, ते त्यांचं घर आहे. पुढे आपली मुलं आजीशी डचमध्ये गुजगोष्टी करतात तेव्हा आपल्याला कळायला नको? सासूबाई वयानं थकतात तेव्हा इंग्रजी आधी विसरतात.

लोक इंग्रजीवर आले तर हसून सांगा, "मी शिकतेय, डचमध्येच बोला आणि जरा हळू." मी हे बेकरीत, टपालात, डॉक्टरांकडे सगळीकडे म्हणायचे. एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

कोल्हापुरी

दंतवैद्य, फिजिओ, नर्स, डॉक्टर मंडळींसाठी महत्त्वाचं: परदेशी पदवीवर इथे थेट काम करता येत नाही. बिग-रजिस्टरमध्ये (आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांच्या सरकारी नोंदवहीत) नाव लागतं आणि त्यासाठी आधी भाषेची कसोटी, मग विषयज्ञानाची. इनबर्गरिंगच्या बी१ पेक्षा वरची डच लागते. रुग्ण दुखतंय कुठे हे त्याच्या भाषेत सांगणार, त्यामुळे ही अट मला रास्त वाटते. पण वेळ फार जातो आणि त्या काळात आत्मविश्वास खचतो. मी बीडीएस. कोल्हापुरात माझा स्वतःचा दवाखाना होता. इथे दंतवैद्याकडे सहाय्यक म्हणून लागले, पगार कमी, पण दिवसभर कानावर डच. दातांची, हिरड्यांची, भीतीची सगळी भाषा तिथे आली.

घरच्यांना आधी सांगा की या काळात तुमची कमाई कमी असेल. माझी नणंद आठवड्यातून एक संध्याकाळ रुग्ण बनून माझ्यासमोर बसायची आणि मुद्दाम भरभर बोलायची. इतर पदव्यांचं मूल्यमापनही करून मिळतं, इनबर्गरिंग करणाऱ्यांनी त्याची चौकशी सुरुवातीलाच करावी.

हागकर

मी द हेगमध्ये माझ्या डच जोडीदाराबरोबर राहतो. आम्ही दोघंही पुरुष. समलिंगी लग्न कायदेशीर करणारा हा जगातला पहिला देश, १ एप्रिल २००१ पासून. जोडीदाराच्या परवान्यासाठी लग्न झालेलंच असावं अशी अट नाही, नातं खरं आणि टिकाऊ आहे हे दाखवावं लागतं. एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं, घरच्यांबरोबरचे प्रसंग, संदेश. आमच्यासारख्यांकडे घरच्यांबरोबरचे फोटो नसतात, म्हणून हे आधीपासून जमवायला लागा. भारतातून अविवाहित असल्याचा दाखला लागतो, तो मिळवायला वेळ ठेवा.

एकटं वाटलं तर द हेगच्या ट्रान्सवाल भागात, पॉल क्रूगरलानवर या. १८७३ साली 'लल्ला रूख' जहाजातून आपल्याकडचे मजूर कलकत्त्याहून दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनामला नेले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्यांची नातवंडं-पतवंडं हजारोंनी इकडे आली. दुकानात कारली, लांब चवळीच्या शेंगा, पूजेचं सामान मिळतं. होळीला ते फगवा म्हणतात. त्यांच्या सरनामी भाषेतले शब्द भोजपुरीच्या वळणाचे, हिंदी येणाऱ्याला अर्धेअधिक कळतात. तिथल्या एका दुकानातल्या आजींनी मला पहिल्या भेटीत 'बेटा' म्हटलं, आणि माझ्या जोडीदाराला विचारलं, "याला नीट खायला घालतोस ना?" माझ्या सख्ख्या आईला हा प्रश्न विचारायला अजून जमत नाही. एक दिवस जमेल असं मला वाटतं.

लिमलेट

सगळ्यांचे मनापासून आभार. जन्मदाखला काढून पाहिला, खरंच नाव नाही! उद्याच महापालिकेत जाते. नवऱ्याशी आई-बाबांबद्दल बोलले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की दरवर्षीचा एक महिना आत्ताच धरून ठेवू.

आता ताजा प्रश्न. परीक्षेच्या आधी मी व्हिजिट व्हिसावर तीन आठवडे जातेय आणि ५ डिसेंबर तिथेच येतोय. सिंटरक्लाससाठी (भेटी देण्याचा डच सण) घरात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला सासूबाई आल्या. भेटवस्तूबरोबर कविता करावी लागते म्हणे! आणि त्यांना हाक कशी मारू? नवरा म्हणतो नावानं मार, माझी जीभ वळत नाही.

निशिगंध

नावानंच मार. आधी त्यांना विचार, बहुधा त्याच सांगतील. इथे सुना-जावई सासूला नावानं आणि 'तू' म्हणतात, त्यात अनादर नाही. मी 'मामा' म्हणते कारण माझ्या सासूबाईंनाच ते आवडलं.

कवितेला घाबरू नकोस. आपल्या उखाण्यासारखंच आहे: यमक जुळलं पाहिजे आणि त्या माणसाची एखादी खोड त्यात आली पाहिजे. सही तुझी नाही, सिंटची करायची. सुरुवात ठरलेलीच असते, "सिंट झात ते डेंकेन", म्हणजे सिंट विचार करत बसला होता, आणि पुढच्या ओळीत 'स्खेंकेन' आणायचं, म्हणजे काय द्यावं बरं भेट. इथून पुढे सहा-आठ ओळी पुरे. सासूबाई चष्मा हरवतात का, झाडांशी बोलतात का, हे नवऱ्याकडून काढून घे. त्याला लिहायला सांगू नकोस, फक्त चुका तपासायला दे. चार चुका राहिल्या तरी चालतील, त्यांना तू स्वतः लिहिलंय हे कळलं पाहिजे. कविता ज्याला मिळते त्यानंच मोठ्यानं वाचायची असते, तेव्हा अक्षर सुवाच्य काढ.

सिंटच्या मदतनीस पीटचा चेहरा काळा रंगवण्यावरून इथे बरीच वर्षं वाद झाला. आता अनेक शहरांत फक्त काजळीचे फराटे ओढतात. मला हा बदल योग्यच वाटतो. कौटुंबिक टेबलावर विषय निघाला तर आपलं मत शांतपणे सांगायला हरकत नाही, सावळ्या कातडीच्या सुनेचं म्हणणं त्यांनी ऐकावं.

खाऊ नेताना पेढे, खवा, तूप नेऊ नकोस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणावळ्याची चिक्की ने, शेंगदाण्याची आणि तिळाची. डच लोकांना शेंगदाणा फार प्रिय. आणि झ्वोलेहून एनस्खेडेला थेट गाडी आहे. येणार असलीस तर मला व्यक्तिगत निरोप कर, आधी तारीख ठरवू.